नळीच्या तोंडाशी बसणारी शिट्टी

माझी पहिली नोकरी बंदुकीच्या नळीच्या टोकाशी होती. असं सांगितलं की लोक हसतात, पण काम खरंच तेवढंच होतं. अख्खी बंदूक आमच्या वाट्याला कधी आली नाही. नळी जिथे संपते आणि गोळी जिथून बाहेर पडते, तिथे आट्यांवर फिरवून बसवायचा एक पोलादी तुकडा असतो. बोटापेक्षा थोडा लांब, अंगाला भोकं पाडलेला. त्या तुकड्याची ड्रॉइंग्ज मी काढत असे. ड्रॉइंगवर त्याचं लांबलचक इंग्रजी नाव असायचं. खाली कारखान्यात मात्र सगळे त्याला शिट्टी म्हणायचे, कारण तो तसाच दिसायचा.

गिरण्यांचा संप सुरू होऊन तेव्हा वर्ष उलटून गेलं होतं. माझे वडील गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, कामाला होते, ते घरी बसले होते. आम्ही घाटकोपरच्या डोंगरावर राहायचो. पत्र्याचं छप्पर, पुढे हातभर ओटा, आणि ओट्यावरून खाली पसरलेलं सगळं उपनगर. मी आयटीआयमधून ड्राफ्ट्समनचा कोर्स केला होता. वर्गात मी एकटी मुलगी. आमच्या मास्तरांना मुलुंडच्या एका कारखान्यातून विचारणा आली होती, की ड्रॉइंगचा हात स्वच्छ असलेला कुणी आहे का. मास्तरांनी माझं नाव दिलं, आणि मुलगी आहे हे सांगितलंच नाही. मी दारात उभी राहिले तेव्हा कारखान्याचे शेठ माझ्याकडे आणि माझ्या हातातल्या चिठ्ठीकडे आळीपाळीने बघत राहिले. मग म्हणाले, "वर जा. साहेब ठरवतील."

कारखाना आग्रा रोडच्या आत होता. खाली लेथ, ड्रिल, ग्राइंडर, आणि वर लाकडी जिना चढून ड्रॉइंगची खोली. त्या खोलीत साहेब बसायचे. सरकारी शस्त्रांच्या कारखान्यात उभी हयात घालवून ते निवृत्त झाले होते, आणि शेठनी त्यांना लष्कराच्या ह्या एका कामासाठी पुण्याहून बोलावून घेतलं होतं. सोमवारी यायचे, मुलुंडलाच एक खोली घेऊन राहायचे, शनिवारी परत जायचे. त्यांचा डावा कान पूर्ण गेलेला होता. त्यामुळे ते मोठ्याने बोलायचे आणि समोरच्याला आपल्या उजव्या हाताला बसवायचे.

"बसा," ते म्हणाले. मी मागे वळून बघितलं, की आणखी कोण आलंय. "अहो, तुम्हालाच म्हणतोय. बसा ना."

तोवर मला कुणी अहो म्हटलं नव्हतं. शाळेत नाही, आयटीआयत नाही, रेशनच्या दुकानात तर नाहीच. साहेब सगळ्यांनाच अहो म्हणायचे, खालच्या झाडूवाल्यालाही. पण त्या दिवशी मला ते माहीत नव्हतं. मी त्यांच्या उजव्या हाताला बसले आणि पुढची दोन वर्षं तिथेच बसले.

त्यांनी माझ्याकडून कागदावर एक स्क्रू काढून घेतला. मी पेन्सिलीने काढला, मग ट्रेसिंगवर शाईने गिरवला. एक रेघ जरा पुढे गेली, ती ब्लेडने खरवडून, नखाने घासून परत सारखी केली. साहेबांनी कागद उजेडाकडे धरला. "कुठे चुकलात ते दिसत नाही," ते म्हणाले. "उद्यापासून या."

कामाची पहिली ओळख त्यांनी मला अशी करून दिली. गोळी नळीतून बाहेर पडते, तिच्या मागोमाग तापलेला वायू बाहेर पडतो. तो वायू नुसता सोडला तर तोंडाशी जाळ होतो, बंदूक मागे दणका देते, तिचं तोंड वर उडतं. म्हणून टोकाशी हा तुकडा बसवायचा आणि वायूला वाट काढून द्यायची. वर सोडला तर तोंड खाली दाबून राहतं. मागे वळवला तर दणका कमी होतो.

"मग सगळा मागेच का वळवत नाहीत?" मी विचारलं.

"कारण तो जातो तिथे दुसरा माणूस पडलेला असतो," साहेब म्हणाले. त्यांनी डाव्या कानाला बोट लावलं. "चालवणाऱ्याला काही झालं नाही. मी शेजारी होतो."

त्या शिट्टीत त्यांना काय हवं होतं हे मला तेव्हा कळलं. दणका कमी व्हायला हवा, जाळ कमी व्हायला हवा, हे तर सरकारने लिहूनच दिलं होतं. शेजारच्या माणसाचा कान वाचायला हवा, हे कुणी लिहून दिलं नव्हतं. ते साहेबांचं स्वतःचं होतं.

तिसऱ्या आठवड्यात जिना धडधडवत एकजण वर आला. हातात माझ्या ड्रॉइंगची प्रिंट, तिच्या कोपऱ्यावर तेलाचा काळा अंगठा. तो आमचा टर्नर होता. खारदांड्याचा, सत्तावीस-अठ्ठावीसचा, उन्हाने रापलेला. नमुन्याचे सगळे तुकडे त्याच्याच लेथवर व्हायचे.

"हे कुणी काढलंय?"

"मी," मी म्हटलं.

"तू?" त्याने मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "बाई, हे भोक तू तिरकं दाखवलंयस. ड्रिल आत जाणार कुठून? ह्या कडेवर धडकतंय. कागदावर काय, काहीही जातं."

मला असा राग आला की कान तापले. साहेब शांतपणे म्हणाले, "खाली जाऊन बघून या." मी गेले. त्याने तुकडा शिकंज्यात धरला, ड्रिल खाली आणलं आणि काही न बोलता मला दाखवलं. ड्रिल खरंच कडेवर टेकत होतं. कितीही वेळ बघितलं असतं तरी ते टेकलंच असतं.

"आणि इथे थोडं सपाट केलं तर?" मी बोटाने दाखवलं. "आधी सपाट, मग भोक?"

त्याने डोकं तिरकं करून बघितलं. "मग जाईल," तो म्हणाला. आणि जरा वेळाने, "काढायच्या आधी येऊन बघत जा ना. तुझी पण शाई वाचेल, माझं पण डोकं वाचेल."

तशी सवय पडली. नवी ड्रॉइंग सुरू करण्याआधी मी खाली जायचे. तो लेथ थांबवायचा, हात पुसायचा, आणि मग आम्ही बोलायचो. बोलणं सगळं पोलादाचंच. इथे भिंत पातळ राहील, इथे कडेला धारदार बर निघेल, हा कोपरा गोल कर. दुपारच्या सुट्टीत मी डबा घेऊन जिन्याच्या मधल्या पायरीवर बसायचे, कारण खाली बायकांना बसायला जागा नव्हती आणि वर साहेब झोपायचे. एक दिवस तो येऊन दोन पायऱ्या खाली बसला. दुसऱ्या दिवशी पण. त्याच्या डब्यात रोज मासे आणि माझ्या डब्यात रोज भाकरी आणि काहीतरी सुकं. त्याने सोड्यांचं कालवण माझ्या डब्याच्या झाकणात ओतलं तेव्हा विचारलंही नाही.

त्याच्या घरी होडी होती. वडील आणि थोरला भाऊ समुद्रावर जायचे. ह्याला मात्र लहानपणापासून होडीचं इंजिन आवडायचं, म्हणून हा लेथवर आला. "आमच्यात मला अर्धवट समजतात," तो हसून सांगायचा. "कोळ्याचा पोर आणि पाण्यात जात नाही."

"आमच्यात मला पण," मी म्हणाले. "मुलगी आणि बंदुकीच्या कारखान्यात."

ते खरंच होतं. आईला मी आधी सांगितलंच नव्हतं की कसली ड्रॉइंग्ज काढते. विहारात बुद्धवंदनेला बसणारी, सकाळी मुंगीलाही बाजूला करून ओटा झाडणारी बाई. तिला कळलं तेव्हा ती पोळपाट पुसत होती.

"त्या तुकड्यानं मानूस मरतो का गं?"

"नाही आई. उलट कान वाचतो. शेजारी जो असतो ना, त्याचा."

"आन् समोरच्याचं काय?"

मी परात उचलून धुवायला घेतली. तिने परत कधी विचारलं नाही. मी कामावर निघाले की ती माझ्या डब्याला फडकं बांधून द्यायची, नेहमीसारखंच घट्ट.

माझा तिथला दुसरा पावसाळा संपता संपता एक कागद आला. आमचा पहिला नमुना लष्कराच्या लोकांनी चालवून बघितला होता. दणका कमी आहे, पण जमिनीवर पालथं पडून गोळी मारली की तोंडाखालून धूळ उडते. समोरचं काही दिसत नाही, आणि कोण कुठे पडलंय ते सगळ्यांना कळतं. साहेब दोन दिवस तो कागद पुढे ठेवून बसले.

आमच्या घरी तेव्हा भुश्याची शेगडी होती. रविवारी सकाळी आई तिच्यासमोर बसून फुंकणीने फुंकत होती. राख तिच्या डोळ्यांत गेली. ती म्हणाली, "आडवी धरायची इसरले," आणि फुंकणी जरा वर उचलून परत फुंकली. राख जागची हलली नाही, निखारे मात्र लाल झाले. मी हे हजार वेळा बघितलं होतं. त्या दिवशी मी चहा तसाच ठेवून उठले आणि वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर शिट्टी काढली. वर भोकं, दोन्ही बाजूंना भोकं, आणि पोटाखाली काही नाही. पोट बंद.

सोमवारी तो कागदाचा तुकडा मी साहेबांपुढे ठेवला. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला.

"हे कुठे पाहिलंत?"

"आई शेगडी फुंकत होती."

त्यांनी तो तुकडा टेबलावर हाताने सपाट केला. मग म्हणाले, "जगात हे आधी कुणीतरी केलेलं आहे. मी परदेशी पुस्तकांत पाहिलंय. आपल्याला ते हवं तेव्हा आठवलं नाही, हा माझा मूर्खपणा. पण तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं ना? मग हे तुमचं."

ड्रॉइंगच्या खालच्या कोपऱ्यात चौकटी असतात. काढणाऱ्याची, तपासणाऱ्याची, रचना करणाऱ्याची. माझी सही नेहमी पहिल्या चौकटीत असायची. त्या ड्रॉइंगवर साहेबांनी तिसऱ्या चौकटीवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "इथेही तुम्हीच करा." सही किंचित वाकडी आली, आणि ती ब्लेडने खरवडायची मला हिंमत झाली नाही.

टर्नरने तो नमुना तीन दिवसांत केला. घाई करून नव्हे, दुसरं काही हातात न घेता. बाजूच्या भोकांच्या कोनावरून आम्ही भांडलो. मी लिहिलेला कोन त्याला जास्त मागे वाटत होता. "साहेबांचा कान गेला तसा दुसऱ्याचा जाईल," तो म्हणाला. मी हिशेब परत केला, आणि त्याचं बरोबर निघालं. तुकडा पूर्ण झाला तेव्हा त्याने तो फडक्यात गुंडाळून जिन्यावर आणून माझ्या हातात ठेवला. अजून कोमट होता. मी तो उगीचच कितीतरी वेळ धरून ठेवला, आणि त्यानेही मागितला नाही.

चाचणीला आता आमच्या लोकांनाही बोलावलं होतं. घाटावर, लांब कुठेतरी गोळीबाराची रेंज होती. पास दोघांचे आले. एक साहेबांचा आणि एक तुकडा बसवून देणाऱ्याचा. मी शेठकडे गेले. आयुष्यात पहिल्यांदा कुणाकडे काही मागायला गेले.

"मला पण जाऊ द्या. ते मी काढलंय."

शेठ वाईट माणूस नव्हते. त्यांनी खुर्ची पुढे केली, पंखा वाढवला. "बेटी, तिथे बाईमाणसाची काही सोय नाही. लष्कराचे लोक नाही म्हणतात. मी विचारलं होतं, खरंच."

साहेबांनीही विचारलं होतं, हे मला नंतर कळलं. दोनदा पत्र लिहिलं होतं.

निघायच्या आदल्या दुपारी टर्नर पायरीवर बसला. "मी सगळं बघून येतो," तो म्हणाला. "तू विचारशील ते सगळं सांगीन. काय काय बघू ते लिहून दे." मी वहीच्या पानावर लिहून दिलं. धूळ उडते का. किती, कुठल्या बाजूला. जाळ कसला, पिवळा की लाल. आवाज कसा. शेवटचं खोडून परत लिहिलं, आवाज कसा. कारण मी इतके महिने त्या आवाजाचीच ड्रॉइंग काढत होते, आणि तो मी कधी ऐकला नव्हता.

पहिली गोळी अकराला, असं साहेबांनी सांगितलं होतं. त्या दिवशी मी वरच्या खोलीत एकटी होते. काही काढलं नाही. पेनं धुतली, त्यांच्या नळ्यांतली वाळलेली शाई कोमट पाण्याने काढली, पट्ट्या पुसल्या. अकराला पाच कमी असताना खिडकीशी जाऊन उभी राहिले. घाट किती लांब, मुलुंड कुठे. काही ऐकू येणार नाही हे मला चांगलं माहीत होतं. तरी मी खाली जाऊन एकाला सांगितलं, की जरा दहा मिनिटं ग्राइंडर बंद ठेव. त्याने का म्हणून विचारलं नाही, बंद ठेवला. मी परत खिडकीशी आले. रस्त्यावरून ट्रक गेला, कुणीतरी भंगारवाला ओरडला, वाऱ्यावर समोरच्या गच्चीवरची चादर फडफडली. अकरा वाजून गेले. सव्वाअकरा झाले. मग ग्राइंडर परत सुरू झाला.

ते दोघं तिसऱ्या दिवशी परतले. साहेबांचा चेहरा लाल झाला होता, उन्हाने आणि आनंदाने. त्यांनी जिन्यावरूनच ओरडून सांगितलं, "पोट बंद, धूळ बंद!" मग फार दमले आणि बसले.

टर्नरने दुपारपर्यंत दम धरला. पायरीवर बसून आधी डबा उघडला नाही, माझं पान खिशातून काढलं. घामाने मऊ झालं होतं. एकेक वाचून सांगायला लागला. धूळ नाही. म्हणजे अगदी नाही असं नाही, पहिल्याला उडायची त्याच्या चौथाई पण नाही. जाळ छोटा, नारिंगी, लगेच संपतो. शेजारी पडलेल्या जवानाला विचारलं, तो म्हणाला ह्याच्यात कान दुखत नाही.

"आणि आवाज?"

तो थांबला. "कसा सांगू यार." त्याने मांडीवर मूठ आपटली, ती त्याला पटली नाही. जिन्याच्या लाकडावर आपटली, तीही नाही. "फटाक्यासारखा नाही. लोक म्हणतात तसा नाही. इथे येतो." त्याने हात छातीवर ठेवला. "कानात नंतर येतो. आधी इथे. आणि मग समोरच्या डोंगरावरून परत येतो, तेव्हा तो दुसऱ्याच कुणाचा वाटतो."

"परत सांग," मी म्हणाले.

त्याने परत सांगितलं. त्या आठवड्यात मी त्याला कितीदा विचारलं असेल. तो दर वेळी सांगायचा आणि दर वेळी एखादी नवी गोष्ट निघायची. पहिल्या गोळीला साहेबांनी टोपी काढली. एका झाडावरचे सगळे बगळे उडाले आणि परत तिथेच बसले. गोळी सुटताना त्याच्या मनात आलं, की मी तिथे असते तर डोळे मिटले असते की उघडे ठेवले असते.

"उघडे," मी म्हणाले.

"मला पण तसंच वाटलं," तो म्हणाला.

थंडीत एका रविवारी तो मला खारदांड्याला घेऊन गेला. त्याची आई म्हणाली होती, त्या ड्रॉइंगवालीला आण एकदा. बांबूंना बांधलेल्या दोऱ्यांवर बोंबील सुकत होते, वाळूवर होड्या कुशीवर पडल्या होत्या. त्याची आई दणकट, मोकळं हसणारी. तिने मला पाटावर बसवलं, गरम भाकरी आणि सुरमईचा तुकडा वाढला, आणि समोर बसून बघत राहिली.

"गाव कुठलं गं तुमचं?"

"साताऱ्याकडचं."

"देव कुठला तुमचा?"

"आम्ही बौद्ध," मी म्हणाले.

तिचा हात भांड्यावर थांबला. फार नाही, एक श्वासभर. मग तिने आणखी एक तुकडा माझ्या ताटात वाढला. "खा," ती म्हणाली. "सावकाश खा, काटा असतो." आवाजात काही कमी झालं नव्हतं. पण त्यानंतर तिने मला काही विचारलं नाही. आम्ही निघालो तेव्हा ती त्याला त्यांच्या बोलीत काहीतरी बोलली. मला कळलं नाही, आणि रस्ताभर त्याने ते सांगितलं नाही.

घरी आल्यावर आईने माझी वेणी हातात घेऊन हुंगली. "दर्याकडं गेलतीस व्हय?" मी हो म्हणाले. ती एवढंच म्हणाली, "बापाला सांगू नगं इतक्यात." म्हणजे दोन्ही घरांत एकाच दिवशी सगळं कळलं होतं, आणि आम्ही दोघं तर अजून काही बोललोच नव्हतो.

उन्हाळा लागताना सरकारी लखोटा आला. साहेबांनी तो वाचून दाखवला. आमचा नमुना चांगला आहे, परंतु आधीच वापरात असलेला एक परदेशी नमुना घ्यायचं ठरलं आहे. सर्व ड्रॉइंग्ज, प्रिंट आणि तुकडे परत पाठवावेत, प्रत ठेवू नये. साहेबांनी पत्राची घडी घातली, उलगडली, परत घातली. "चांगला आहे म्हणालेत," ते म्हणाले. मग लखोटा खणात टाकत, "तसं लिहायची गरज नव्हती त्यांना."

मी स्वतः सगळे कागद गुंडाळले. वाकडी सही असलेलं ड्रॉइंग सगळ्यात आत ठेवलं. शेठच्या समोर लाखेचं सील लागलं आणि ती गुंडाळी एका जीपमधून गेली. शिट्ट्या एका खोक्यात गेल्या. कोणती आमची, कोणती पहिली, आता कुणाला कळणार होतं.

साहेब महिनाअखेरीला पुण्याला गेले. माझ्यासाठी त्यांनी अंधेरीच्या एका ड्रॉइंग ऑफिसच्या नावे चिठ्ठी लिहिली. जाताना माझ्या उजव्या हाताला उभे राहिले, नेहमीपेक्षा उलटे, आणि हळू बोलायचा प्रयत्न करत म्हणाले, "तुम्हाला तो आवाज ऐकवायला हवा होता मी. तेवढं राहिलं." मी त्यांच्या पाया पडले नाही, आमच्यात तशी पद्धत नव्हती. त्यांनीच हात पुढे केला. आम्ही दोन कारागिरांसारखा हात मिळवला.

कारखान्यात आता पंपाचे भाग होऊ लागले. टर्नरला मस्कतच्या एका वर्कशॉपमधून बोलावणं आलं, त्याच्या गावचा कुणी आधीच तिथे होता. त्याने मला पायरीवरच सांगितलं.

"दोन वर्षं. मग येतो."

"बरं."

"बरं काय? तू काही बोलणार आहेस की नाही?"

"तू विचार ना काही."

तो डब्याचं झाकण लावत होता. लागलेलं झाकण परत काढून परत लावलं. "आईला समजवायला वेळ लागेल," तो म्हणाला.

"माझ्या पण घरी."

"हां. म्हणजे वेळ लागेल."

"लागेल," मी म्हणाले.

त्याने विचारलं असतं तर मी हो म्हटलं असतं. मी म्हटलं असतं की थांबते, तर त्याने विचारलं असतं. आम्ही इतक्या गोष्टींवर भांडलो होतो, कोनावर, भिंतीच्या जाडीवर, एका रेघेवर. इथे मात्र दोघंही समोरच्याने आधी बोलावं म्हणून बसून राहिलो, आणि सुट्टी संपल्याचा भोंगा झाला.

त्याने पत्रं पाठवली. लिहायचा त्याला कंटाळा, म्हणून निम्मं पत्र चित्रांचं असायचं. त्याचा नवा लेथ, खोलीतली खाट, खिडकीतून दिसणारा उघडा डोंगर. मापंसुद्धा घालायचा. मी उत्तरात माझं अंधेरीचं टेबल काढून पाठवलं. वर्षभर चाललं. मग महिन्याचं अंतर दोन महिन्यांचं झालं, आणि एकदा पत्रात फक्त चार ओळी आल्या, चित्र नव्हतं. त्या मी एकदाच वाचल्या. सुट्टीवर गेलो होतो, आईने ठरवलं होतं, झालं. रागावू नकोस. मी रागावले नाही. दोन दिवस जेवण गेलं नाही, आणि मी अंगाने बारीक झाले असं ऑफिसात सगळे म्हणाले, एवढंच.

पुढे माझंही लग्न झालं. कांदिवलीला दोन खोल्या, नवरा वीजखात्यात, शांत माणूस. त्याला मी सगळं सांगितलं होतं. तो म्हणाला होता, "ती शिट्टी तेवढी मला काढून दाखव." मी काढून दाखवली. त्याला ती फारशी कळली नाही, पण त्याने कागद जपून ठेवला.

लग्नानंतर पहिल्याच वर्षी, एका दुपारी, अंधेरीच्या ऑफिसात शिपाई सांगत आला की खाली कुणी भेटायला आलंय. मी जिना उतरून आले तर तो उभा होता. भरला होता, केस मागे गेले होते, हातात परदेशी घड्याळ. शेजारी त्याची बायको, हिरवं लुगडं, केसांत अबोलीचा गजरा, कडेवर झोपलेली लहान मुलगी.

"मुलुंडच्या लोकांनी पत्ता दिला," तो म्हणाला. "म्हटलं मस्कतला परत जाण्याआधी भेटून जावं."

आम्ही समोरच्या टपरीवर चहा घेतला. त्याने तिथल्या कामाचं सांगितलं, खारं पाणी गोडं करायच्या कारखान्याचे व्हॉल्व्ह. मी म्हटलं मी पण आता व्हॉल्व्हच काढते. तो हसला. साहेब वारल्याचं त्याला कुणी कळवलं नव्हतं, ते मी सांगितलं. त्याने उरलेला चहा तसाच ठेवला.

त्याची बायको आमच्याकडे कौतुकाने बघत होती. तिच्या मनात काही नव्हतं, किंवा असलं तर तिने ते फार सहज वागवलं. "हे तुमचं खूप सांगतात," ती म्हणाली. "म्हणतात, ड्रॉइंग अशी काढायची की लोखंडाला पण कळायची. तुम्ही बंदुका बनवायचात ना?"

"बंदुका नाही गं. नळीच्या तोंडावरचा एक तुकडा."

"केवढा?"

मी दोन बोटांत अंतर धरून दाखवलं. त्याने माझ्या बोटांकडे बघितलं आणि सवयीने म्हणाला, "थोडा लांब होता." मी अंतर थोडं वाढवलं.

"एवढासाच?" ती हसली. मग पोर जागं झालं आणि रडू लागलं, आणि ती त्याला घेऊन सावलीत फिरू लागली.

आम्ही दोघं उभे राहिलो. त्याला काहीतरी बोलायचं होतं, मला दिसत होतं. मलाही होतं. रस्त्यावरून माणसं जात होती, टपरीवाला पेले विसळत होता. शेवटी तो म्हणाला, "बरी आहेस ना तू?"

"बरी आहे," मी म्हणाले. आणि ते खोटं नव्हतं.

मग रिक्षा आली. तो आधी मुलीला आणि बायकोला बसवून स्वतः बसला, आणि रिक्षा वळेपर्यंत मान बाहेर काढून बघत राहिला. मी हात केला. वर टेबलावर एका ड्रॉइंगची तपासणी अर्धी राहिली होती, ती संध्याकाळी पाठवायची होती. मी जिना चढले, बोर्डासमोर बसले आणि पेन हातात घेतलं. रेघ सरळ आली. तपासणी झाली, ड्रॉइंग वेळेवर गेलं. पण त्या दिवशी घरी जाताना मी बस दोन स्टॉप आधी सोडली आणि चालत गेले, कारण मला कुणाशी बोलायचं नव्हतं, आणि घरी गेल्यावर बोलावं लागणार होतं.